निजाम पेंटरचं तळं

माझ्या पंचवीस वर्षांच्या नाटकी आयुष्यात माझ्या पाठीमागे कायम एक माणूस असायचा आणि प्रेक्षकांना तो कधीच दिसला नाही. मी दरबारात गरजायचो, तो दरबार त्यानं रंगवलेला. मी वनवासाला निघायचो, ती झाडं त्याची. टाळ्या मला मिळायच्या आणि तो विंगेत बादलीत ब्रश धूत बसलेला असायचा. त्याचं नाव निजाम. डोणगावात लहानथोर त्याला निजाम पेंटर म्हणतात. सत्तरी उलटली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तरी चालताना त्याची नजर भिंतींवरच असते. चांगली गुळगुळीत भिंत दिसली की थांबतो आणि तिच्यावरून तळहात फिरवतो, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आमची नाटक कंपनी लोणारची. दिवाळी झाली की ट्रक भरायचा आणि होळीपर्यंत मेहकर, डोणगाव, शेगाव, जिथून बोलावणं येईल तिथं तंबू ठोकायचा. मी बहुधा राजा असायचो, नाहीतर राजाचा दुष्ट भाऊ. निजाम मला तेव्हापासून 'महाराज' म्हणतो. कंपनी मोडून वीस वर्षं झाली. मी आता डोणगावात बहिणीच्या घरामागच्या खोलीत राहतो. पण भर चौकात त्यानं 'महाराज' अशी हाक मारली की माझी मान अजून आपोआप ताठ होते.

१९९९ साली कंपनी बंद पडली तेव्हा सामान ज्यानं त्यानं उचललं. मी माझा मुकुट आणला. मोठा पडदा उकंडरावांनी नेला. उकंडराव डोणगावचे जुने कापूसवाले, मनानं मोकळे आणि जिभेनं तिखट. त्यांना नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं. घरात कापसाचा ढीग लागला की त्यावर पांघरायला अठरा फूट लांब मांजरपाट कुठं मिळतो? त्या पडद्यावर लोणारचं तळं होतं. वरून, कड्यावर उभं राहून दिसतं तसं. गोल, हिरवंगार पाणी, काठाला देऊळ, चार मोर. ते मोर पुढची कित्येक वर्षं कापसावर झोपले.

कंपनी गेल्यावर निजामला बीटी कापसाच्या बियाण्याच्या जाहिरातींनी जगवलं. मेहकर ते लोणार रस्त्याला अशी भिंत नव्हती जिच्यावर त्यानं पुरुषभर उंच, पांढरंशुभ्र बोंड काढलं नसेल. खाली लाल अक्षरं, 'अळीची चिंता सोडा!' दर हंगामात बियाण्याची कंपनी बदलायची, बोंड तेच राहायचं. या धंद्याची रीत अशी, की नवं काम आलं की जुन्या जाहिरातीवर चुना मारायचा, आणि तो चुनाही पेंटरनंच मारायचा. निजामनं जे जे काढलं ते त्यानंच पुसलं. पुढं छापील फ्लेक्स आले आणि हेही काम गेलं.

मग २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली आणि बीटीचाही उभा कापूस खाऊन गेली. त्या हंगामात कोणाच्या घरी काय काय झालं ते मी इथं लिहीत नाही. आमच्या भागात ते सांगावं लागत नाही. उकंडराव तेव्हा चौकात निजामला गाठून म्हणायचे, "काय बे निजाम, तुह्या भिंतीवरच्या बोंडात तं एकबी अळी नव्हती! तेच बी द्यायचं होतं मले!" लोक हसायचे, निजामही हसायचा. पण त्याच हिवाळ्यात तो चुन्याची बादली घेऊन एकटा निघाला आणि जिथं जिथं बोंड उरलं होतं तिथं पुसून आला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी दाम दिला नव्हता.

आता २०२०. महामारीनं सगळं बंद. उकंडरावांची सून करिष्मा लोणारच्या शाळेत शिक्षिका, ती घरी अडकलेली. नागपूरच्या एका कलासंग्रहालयाचंही दार बंद होतं, म्हणून त्यांनी आपलं दुकान मोबाइलवर मांडलं. रविवारी सिनेमा, बुधवारी शिक्षकांचा वर्ग, मधल्या दिवशी घरबसल्या प्रदर्शन. करिष्मा बुधवारच्या वर्गाला बसायची. खाली घरात नेटवर्क येत नाही म्हणून माळ्यावर, रिकाम्या पोत्यांत. एका बुधवारी सगळ्यांना आपल्या गावातली हातानं रंगवलेली एक वस्तू दाखवायची होती. कोणी घट दाखवला, कोणी बैलाची झूल. करिष्माची पाळी आली आणि ती ओशाळून म्हणाली, "मॅडम, मला काही सापडलं नाही."

वर्ग घेणाऱ्या अलीजा मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मागं जे आहे, ते काय आहे?"

करिष्मानं वळून पाहिलं. दोरीवर टाकलेल्या पडद्याची एक बाजू लोंबत होती. त्यावर दोन मोर आणि हिरव्या पाण्याचा तुकडा.

तासाभरात ती पदर खोचून निजामच्या दारात उभी. मी तिथं चहाला बसलो होतो. "निजामचाचा! तुमचा पडदा नागपूरला लावणार! नाटकातल्या रंगीत पडद्यांचं प्रदर्शन आहे जानेवारीत. मॅडम स्वतः न्यायला येणार!"

 निजामची बायको अख्तरी चुलीपासूनच म्हणाली, "लावू दे बेटा. पण उंदरांनी खाल्लेला आहे म्हणा तो. आमच्या घरचं नाव जाईन ना मोठ्या शहरात."

हे वाक्य निजामच्या डोक्यात शिरलं असावं. करिष्मा गेल्यावर तो मला म्हणाला, "महाराज, तीनशे भिंती रंगवल्या असतीन म्या. साऱ्या माह्याच हातानं पुसल्या. हा एकच वाचला. हा टांगला गेला पाह्यजे."

"टांगला जाईल की! मॅडमनी शब्द दिलाय."

"असा नाई," तो म्हणाला. "असा कसा टांगाचा?"

पुढच्या गुन्ह्यात मी सामील आहे हे कबूल करतो. आम्ही दोघं नाटकातली माणसं. मुक्कामाला निघण्याआधी पडदा ताजा करायचा, ही आमच्या हाडात भिनलेली सवय. फिकटलेल्या पडद्यापुढं उभं राहणं म्हणजे राजानं बनियनवर दरबारात येणं. उकंडरावांच्या रिकाम्या गोदामात आम्ही तो आढ्याला टांगला. मी स्टोव्हवर सरस उकळला, निजामनं त्यात पूड कालवून रंग केले. त्या उग्र वासानं माझी वीस वर्षं गळून पडली. मी चक्क संवाद म्हणायला लागलो, आणि निजाम घोड्यावर, म्हणजे रंगाऱ्याच्या लाकडी शिडीवर, चढून उजव्या बाजूनं हात मारत सुटला. उंदरांची भोकं ठिगळांनी बुजली. मोरांना नवी पिसं आली.

आणि पाणी झालं गुलाबी.

त्याच जूनमध्ये लोणारचं तळं गुलाबी झालं होतं, ते आठवत असेल. साऱ्या देशानं फोटो पाहिले. निजामनंही करिष्माच्या मोबाइलवर पाहिले आणि रंग मनात ठेवला होता. तो म्हणाला, "तळं बदललं, महाराज. आता नागपूरच्या लोकायले जुनं तळं दाखवू काय?" मला पटलं. खरंच पटलं.

उकंडरावांना नाही पटलं. ते गोदामात डोकावले आणि तिथंच थबकले. "अरे बाप्पा! गुलाबी? माह्या गोदामात गुलाबी? निजाम, तुले दुसरा रंग नाई भेटला काय बे? त्या अळीनं मले खाल्लं, आता पाणीबी तेच?"

"हे पाणी आहे, उकंडराव. कापूस नोहे."

"गुलाबी ते गुलाबी!" म्हणून ते पाय आपटत गेले, पण रोज संध्याकाळी पाहायला यायचे.

अलीजा मॅडम ठरल्या दिवसाच्या आठ दिवस आधी आल्या. गाडी थांबली, करिष्मा त्यांना गोदामात घेऊन आली. पस्तिशीच्या बाई, पाठीला पिशवी, तोंडाला मास्क. निजाम घोड्यावर होता. अर्धं तळं गुलाबी झालं होतं, अर्धं हिरवं उरलं होतं.

"या, या मॅडम!" निजाम वरून ओरडला. "थोड्या लवकर आल्या. आठ दिवस अजून भेटले असते तं पुरा झाला असता."

मॅडमनी पाठीवरची पिशवी खाली टाकली. "चाचा! ये क्या किया आपने?"

"काऊन? चांगला नाई दिसून राह्यला?"

"चाचा, हा आम्हाला जुनाच हवा होता. जसा होता तसा. डागांसकट, भोकांसकट."

निजाम खाली उतरला. त्याला हे कळेचना. "मॅडम, पोरगी सासरी पाठवाची तं फाटकं लुगडं नेसवून पाठवता काय तुम्ही?"

उकंडराव दारातून म्हणाले, "म्या पयलेच सांगतलं होतं, गुलाबी नको म्हणून!"

"तुम्ही चूप बसा ना, बाबा," करिष्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळा बेत तिच्यामुळं सुरू झालेला.

मॅडम बाहेर जाऊन फोनवर बोलल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. नव्यानं रंगवलेला पडदा जुना म्हणून लावता येणार नाही, असं त्यांच्या वरिष्ठांचं म्हणणं. निजामनं ऐकून घेतलं. मग त्यानं जे सुचवलं त्यानं मॅडम आणखीच घाबरल्या: "पुन्हा हिरवा करून देऊ काय? चार दिवसाचं काम आहे."

"नको चाचा! हातच लावू नका आता."

निजाम रिकाम्या डब्यावर बसला. ब्रश त्यानं मांडीवर आडवा ठेवला. रंग पायजम्यात मुरत होता, त्याचं त्याला भान नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्याला हरलेला कधी पाहिला नव्हता, आणि मला राहवलं नाही. मी राजाच्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्हाला जुना पडदा हवा ना? म्हणजे नेमका कितवा?"

"कितवा म्हणजे?"

"या तळ्याच्या आधी इथं माझा दरबार होता. त्याआधी जंगल. त्याआधी स्मशान, त्यात मी हरिश्चंद्र होतो. कापड एकच! आमच्या कंपनीला दरसाल नवा मांजरपाट परवडायचा नाही. नवं नाटक आलं की निजाम याच पडद्यावर नवा देखावा चढवायचा. तुम्ही ज्याला मूळ म्हणताय, ते हिरवं तळं स्वतःच चौथं आहे."

 मग मॅडमनी पिशवीतून छोटा टॉर्च आणि एक भिंग काढलं आणि सरळ जमिनीवर बसल्या. पडद्याच्या खालच्या कडेला, जिथं बांबू घासून रंग उडाला होता, तिथं त्यांनी नाक लावलं. आम्ही सगळे त्यांच्यामागं वाकलो. उकंडरावही.

"हिरवा," त्या पुटपुटल्या. "त्याखाली सोनेरी पिवळा..."

"माझं सिंहासन!" मी ओरडलो.

"त्याखाली काळपट हिरवा. आणि सगळ्यात खाली राखाडी."

"स्मशान!" आता निजाम उठून उभा राहिला होता.

मॅडम मागं वळल्या. मास्क हनुवटीवर घसरला होता आणि चेहरा असा फुलला होता, की मला आमच्या भरलेल्या तंबूची आठवण झाली. "चाचा, हा एक पडदा नाही. हे पाच पडदे आहेत!" त्या पुन्हा बाहेर धावल्या, पुन्हा फोन. या वेळी त्यांचा आवाज आत ऐकू येत होता, आणि त्या फोनवर जवळजवळ भांडत होत्या. वीस मिनिटांनी आत आल्या. "लागणार! पण एका अटीवर. इथंच थांबायचं. अर्धं गुलाबी, अर्धं हिरवं. लोकांना दिसलं पाहिजे पडदा कसा बदलतो ते."

करिष्मानं टाळ्या वाजवल्या. मी मॅडमना वाकून मुजरा केला. आणि निजाम म्हणाला, "नाई."

"काय?"

"अर्धा नाई जाणार. अर्धी दाढी केलेला नवरदेव वरातीत बसवता काय? लोक म्हणतीन, निजाम म्हातारा झाला, काम पुरं होत नाई त्याच्यानं."

"बे, टांगून राह्यले ना ते!" उकंडराव कळवळले. "जाऊ दे ना मग अर्धा!"

"नाई म्हणलं ना."

मी त्याची समजूत काढली, करिष्मानं काढली. अख्तरी डबा घेऊन आली होती, तिनंही काढली. त्याची मान हलेना. ज्याच्यासाठी त्याचा जीव तळमळत होता, तेच तो हातचं सोडत होता. शेवटी मॅडम त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. "चाचा, आता अर्धाच नेते. पण पुरा तुम्हीच करायचा. तिथं, नागपूरला, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, सगळ्या लोकांसमोर. शाळेतली मुलं पाहतील. चालेल?"

निजामनं ब्रश बादलीत सोडला. "लोकायसमोर?" तो म्हणाला. "आतापर्यंत तं लोकायच्या मागंच केलं." मग माझ्याकडं वळून, "महाराज, तुम्ही संगं येसान तं हाव."

मी कसा नाही म्हणणार होतो?

मॅडमनी दोन दिवस राहून निजामवर एक छोटा सिनेमा काढला. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी तो त्यांच्या ऑनलाइन कार्यक्रमात दाखवला. उकंडरावांच्या अंगणात टीव्ही आणून त्याला मोबाइल जोडला. तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाचं वेगळं मत. निजामचं तोंड उघडं असतानाच चित्र अडकलं आणि तीन मिनिटं तसंच राहिलं. "दात घासले नव्हते काय बे त्या दिवशी?" उकंडरावांनी विचारलं. पण पुढं निजामनं भिंतींवरची बोंडं पुसल्याचं सांगितलं. उकंडरावांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. त्यांनी खुर्ची ओढून निजामच्या शेजारी घेतली आणि सिनेमा संपेपर्यंत एक चकार शब्द काढला नाही. उकंडराव वीस मिनिटं गप्प! हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग नागपूर. एवढी स्वच्छ, एवढी थंड जागा आम्ही दोघांनी कधी पाहिली नव्हती. आमचा पडदा मधोमध, वरून दिवे सोडलेले. पाटीवर लिहिलेलं, 'निजाम, डोणगाव. १९७४ पासून, काम चालू.' काम चालू! मी ते तीनदा मोठ्यानं वाचलं, तिथल्या रखवालदारानं बोट ओठांवर ठेवेपर्यंत.

शेवटच्या दिवशी दालनात पन्नास माणसांना परवानगी, बाकीचे घरून मोबाइलवर. एका भिंतीवर प्रोजेक्टरचा मोठा पडदा होता आणि त्यावर करिष्मा दिसत होती. ती आपल्या वर्गाला घेऊन थेट लोणारच्या कड्यावर उभी होती, शेजारी टोपी सावरत उकंडराव. मुलं एकाच वेळी ओरडत होती, "निजामचाचा! इकडं! इकडं!"

मी घोडा धरला. निजाम चढणार, इतक्यात अलीजा मॅडम ब्रश हातात घेऊन पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चाचा, एक सांगू? गेला महिनाभर लोक या अर्ध्यापाशीच थांबतात. तुमची हरकत नसेल तर... असाच राहू दिला तर?"

 निजाम फक्त हात पुढं करून उभा राहिला. मॅडमनी त्या हाताकडं पाहिलं, मान हलवली आणि ब्रश त्याच्या हातात दिला. "शब्द म्हणजे शब्द," त्या म्हणाल्या. दालनात टाळ्या पडल्या. या वेळी त्या माझ्या नव्हत्या, आणि मला त्याचा एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

निजामनं गुलाबी रंगाचा डबा घेतला. ब्रश बुडवला. मग त्याचं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. करिष्मानं मोबाइल तळ्याकडं वळवला होता. माघातल्या उन्हात खाली पाणी पसरलं होतं, गोल, हिरवंगार.

"हे काय?" निजाम म्हणाला. "करिष्मा, हे आत्ताचं आहे?"

"आत्ताचं, चाचा! केव्हाच परत हिरवं झालंय!"

"आन् मले कोणी सांगतलं नाई?"

"तू इचारलं कोणाले बे!" लोणारच्या कड्यावरून उकंडराव गरजले. "कर हिरवं! पुरं कर हिरवं!"

निजामनं गुलाबी ब्रश पाण्यात धुतला, पिळला. मला म्हणाला, "महाराज, हिरवा कालवा." मी पूड सरसात सोडली. आणि तो गुलाबी पाण्यावर हिरवा फिरवू लागला.  अलीजा मॅडमनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. त्या रडत होत्या की हसत, कळत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सहावा!"

दोन तास तो थांबला नाही. जुनी हिरवी बाजूही त्यानं नव्या रंगानं एकजीव केली. तिकडून लोणारची मुलं त्याला सांगत होती, इथं उजेड पडलाय, इथं सावली आहे, काठाला पांढरी रेघ आहे. तो मान डोलावून प्रत्येकाचं ऐकत होता. संपल्यावर खाली उतरला, चार पावलं मागं गेला, उजवा डोळा बारीक करून पाहिलं.

मग मॅडमकडं वळून म्हणाला, "पुरा वाळल्याबिगर गुंडाळू नका, मॅडम. नाईतं रंग चिकटते. आन् पुढच्या सालीबी बोलवजा. तळं काय रंग धरते, कोणाले मालूम."